पाणीवाले आढाव सर

आढाव सर बोलायला उभे राहिले की आधी पंखे बंद करायला लावायचे. दिल्लीच्या मे महिन्यातसुद्धा. लोक कुरकुरायचे, रुमालाने वारा घ्यायचे, एखाद्या आंटी तर सरळ उठून घरी जायच्या. सर शांतपणे थांबायचे. "पंखा चालू असला की तुमची कुजबुज मला ऐकू येत नाही," ते म्हणायचे, "आणि कुजबुज ऐकू आली नाही तर तुम्ही कुठे कंटाळलात ते मला कळत नाही."

आणि खरंच, कुजबुज वाढली की ते चाललेलं वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायचे. "हे राहू दे. हे मी माझ्यासाठीच बोलत होतो," असं म्हणून दुसऱ्या टोकाने सुरुवात करायचे.

प्राध्यापक सुधाकर आढाव इथल्या एका विद्यापीठात भूशास्त्र शिकवत होते. जमिनीखालचं पाणी हा त्यांचा विषय. मूळचे नगरकडचे, वडील तिथल्या मिशनच्या शाळेत मास्तर. दिल्लीत येऊन त्यांना तीस वर्षं होऊन गेली होती. द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत ते चौथ्या मजल्यावर राहायचे आणि आम्ही पाचव्या. मी पुण्याहून नवीनच आले होते, गुरुग्रामच्या ऑफिसात नोकरी लागली होती, आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या या उंच, किंचित वाकलेल्या, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणाऱ्या गृहस्थांनी मला उद्देशून उच्चारलेलं पहिलं वाक्य होतं, "तुमच्याकडे पाण्याला वास येतो का हो?"

मी मराठी आहे हे त्यांनी मी फोनवर बोलत होते त्यावरून ओळखलं होतं. नाव, गाव, कोण कुठल्या, हे सगळं नंतर. आधी पाणी.

त्यांच्या विद्यापीठातले लोक शोधनिबंध लिहायचे, परिषदांना जायचे. सरही ते करायचेच. पण महिन्यातून दोन रविवार ते सामान्य लोकांसाठी राखून ठेवायचे. कुठे सोसायटीच्या हॉलमध्ये, कुठे शाळेत, कुठे बागेतल्या चौथऱ्यावर, जिथे कोणी बोलावेल तिथे जायचे. बऱ्याच ठिकाणी कोणी बोलवायचंही नाही, हेच विचारायचे, "येऊ का?" त्यांच्या एका सहकाऱ्याने एकदा त्यांना माझ्यासमोरच टोमणा मारला होता. "आढाव साहब, पब्लिक के लिए और कितना नीचे उतरोगे?"

सर म्हणाले, "पानी लगने तक."

व्याख्यानाची त्यांची एक ठरलेली सुरुवात होती. समोरच्या कोणालातरी ते विचारत, तुमच्या घरी पाणी कुठून येतं? नळातून. नळात कुठून येतं? टाकीतून. टाकीत? मग तो माणूस अडखळायचा. कोणी म्हणायचं पाइपातून, कोणी म्हणायचं टँकरमधून, कोणी बोअरचं नाव घ्यायचं. बोअरमध्ये कुठून येतं म्हटल्यावर मात्र सगळे गप्प. सर खूश होऊन म्हणत, "इथपर्यंत सगळेच येतात. पुढचं सांगायला मी आलोय."

त्यांना स्लाइड आवडायच्या नाहीत. खोली अंधारी केली की माणसं झोपतात, असं त्यांचं मत होतं. म्हणून मी त्यांना फ्लेक्सवर एक मोठं चित्र छापून आणून दिलं. आमच्या सोसायटीपासून मोठ्या नाल्यापर्यंतची जमीन जणू सुरीने कापून दाखवावी तसं. वर इमारती, खाली मातीचे, वाळूचे थर, त्याखाली निळं पाणी. त्या चित्राची गुंडाळी काखेत मारून सर मेट्रोने जायचे. एकदा सुरक्षा तपासणीच्या शिपायाने हे काय आहे म्हणून विचारलं. सरांनी तिथेच गुंडाळी उलगडली. शिपाई हरियाणाचा, घरी शेती असलेला. तो विचारत गेला, सर सांगत गेले, आणि मागे रांग जिन्यापर्यंत गेली. लोक ओरडायला लागले तेव्हा शिपायानेच त्यांना दम दिला, "दो मिनट रुको भाई, प्रोफेसर साहब ज़मीन के नीचे का बता रहे हैं."

हा किस्सा ते स्वतः कधी सांगायचे नाहीत. मी तिथे होते म्हणून मला माहीत. रूथकाकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, मी तो सांगितला तेव्हा त्या कणीक मळत होत्या. म्हणाल्या, "आमच्या लग्नातसुद्धा यांनी पाद्रीसाहेबांना चर्चच्या विहिरीबद्दल विचारलं होतं. विधी चालू असताना."

पण सरांची खरी परीक्षा व्हायची ती सोसायटीच्या फाटकाशी, तुतीच्या झाडाखाली. तिथे फुलवती इस्त्री करायची. महोब्याकडची, पन्नाशीची, बारीक चणीची बाई. कोळशाची जड इस्त्री ती एका हाताने अशी फिरवायची की बघत राहावं. रविवारी व्याख्यान असलं की शुक्रवारी संध्याकाळी सर तिच्या टेबलाशी उभे राहून सगळं व्याख्यान तिला म्हणून दाखवायचे. ती मान वर करायची नाही. इस्त्री फिरवत राहायची. तिने एखादा प्रश्न विचारला तर सर जिंकले. ती नुसतीच "अच्छा" म्हणाली तर सर हिरमुसून वर यायचे. "आज 'अच्छा' म्हणाली," ते मला लिफ्टमध्ये सांगायचे. "म्हणजे काही कळलेलं नाही. पुन्हा लिहायला पाहिजे."

एकदा तिने विचारलं होतं, "साहब, ये नीचे का पानी है किसका? जिसका घर ऊपर है, उसका?"

त्या रविवारचं व्याख्यान सरांनी पुढे ढकललं. आठवडाभर कायद्याची पुस्तकं चाळली, एका वकिलाला फोन केले. पुढच्या व्याख्यानाची सुरुवात त्यांनी फुलवतीच्या प्रश्नाने केली आणि तो कोणाचा आहे हेही सांगितलं. नावानिशी.

मराठीतलं त्यांचं व्याख्यान मी एकदाच ऐकलं. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात, मराठी मंडळींच्या एका कार्यक्रमात. मराठीत बोलायला मिळणार म्हणून सर त्या दिवशी वेगळेच दिसत होते. दाढी दोनदा केलेली. बोलता बोलता ते आपल्या गावच्या विहिरीकडे वळले. झरा, पाझर, उपसा, आड, बारव असे शब्द भराभर यायला लागले. तेवढ्यात पुढे बसलेल्या दहाएक वर्षांच्या मुलीने हात वर केला. दिल्लीतच वाढलेली मुलगी. "काका, पाझर म्हणजे काय? लीकेज?"

सगळा हॉल हसला. सर हसले नाहीत. वाकून तिला म्हणाले, "नाही बाळा. लीकेज म्हणजे नको असताना गळतं ते. पाझर म्हणजे हवं असतं आणि हळूहळू येतं."

मुलगी "ओके" म्हणाली. परतताना मेट्रोत सर द्वारका जवळ आल्यावर म्हणाले, "माझ्या वडिलांकडे पाण्यासाठी केवढे शब्द होते, वृंदा. त्या पोरीकडे एकच आहे, आणि तोही बिघाडाचा."

पुढे जे झालं त्याची सुरुवात फुलवतीनेच केली. एका शुक्रवारी व्याख्यान ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "साहब, सबको बताते हो. कभी हमारे यहाँ भी आके बताओ."

ती नाल्यापलीकडच्या वस्तीत राहायची. तिथे नळ नव्हते. पाच हापसे होते, त्यांच्यावर सगळी वस्ती प्यायची, धुवायची, आंघोळ करायची. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग होते आणि बायका कमरेत ताठ झालेल्या. सरांना बघताक्षणी पाण्यातल्या फ्लोराइडची शंका आली होती. त्यांनी पाचही हापशांचं पाणी बाटल्यांत भरून नेलं, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासलं, उन्हाळ्यात तपासलं, पावसाळ्यानंतर पुन्हा तपासलं. मगच तारीख ठरवली.

वस्तीत ताडपत्रीचा मांडव घातला होता. फुलवतीने स्वतः घरोघर जाऊन माणसं जमवली होती. पंख्याचा प्रश्नच नव्हता, वीज गेलेली होती. त्यांचं इतकं चांगलं व्याख्यान मी दुसरं ऐकलं नाही. त्यांनी कोणाला घाबरवलं नाही. पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की हाडांना आणि दातांना काय होतं, का होतं, ते साध्या हिंदीत सांगितलं. चार हापशांवर लाल रंगाचा पट्टा ओढला: धुण्याभांड्याला चालेल, प्यायला नको. पाचवा, देवळाजवळचा, बरा होता. त्यावर हिरवा पट्टा. "पीने का यहाँ से," ते म्हणाले. "दूर पड़ेगा, पर यहाँ से." बायकांनी प्रश्नांची सरबत्ती केली. उकळलं तर चालेल का? नाही, उकळून हे जात नाही. झालेले डाग जातील का? नाही. आता जी मुलं होतील त्यांचं? त्यांचं आपल्या हातात आहे. फुलवती मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती, आपल्या घरच्या कार्यात यजमानीण उभी असते तशी.

तिथे एक पत्रकारही होता. त्याला मी बोलावलं होतं. माझ्या ओळखीचा होता, आणि मला वाटलं होतं, सरांचं काम कधीतरी छापून यावं. मी सरांना आधी विचारलंही होतं. ते म्हणाले होते, "येऊ दे. छापून आलं तर निदान कोणीतरी हलेल."

बातमी आली. चांगली, अर्धं पान, फोटोसकट. दहा दिवसांत खरंच कोणीतरी हललं. एका सकाळी सरकारी गाडी आली, चार माणसं उतरली आणि त्यांनी हापशांचे दांडे काढून नेले. पाचही. हिरव्या पट्ट्याचाही. फुलवती त्यांच्या मागे धावली, ये तो अच्छा वाला है म्हणाली. त्यातला एकजण म्हणाला, "अख़बार में पाँच लिखा है."

बातमीत तसंच होतं. तपासलेले हापसे पाच, असं.

बदली म्हणून टँकर यायचा. पण तो वस्तीत वळायचा नाही, गल्ली अरुंद होती. मोठ्या रस्त्याच्या पलीकडे उभा राहायचा. एक दिवसाआड, कधी तोही नाही. बायका हंडे-डबे घेऊन भर वाहतुकीतून पळत जायच्या. सर दुसऱ्याच दिवशी त्या ऑफिसात गेले. फ्लेक्स घेऊन, तपासणीचे कागद घेऊन. तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना चहा पाजला. म्हणाला, "सर, आपने ही तो बताया कि पानी ख़राब है. अब आप ही कह रहे हैं पंप वापस लगाओ. कल किसी को कुछ हो गया तो?"

तीनेक आठवड्यांनी फुलवती इस्त्रीला आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. टँकरच्या झुंबडीत ती पडली होती आणि कोणाचातरी भरलेला ड्रम तिच्या उजव्या मनगटावर आला होता. सरकारी दवाखान्यात प्लास्टर घालून दिलं. हाड वेडंवाकडं जुळलं. त्या हाताने पुढे तिला कपसुद्धा नीट धरता आला नाही, इस्त्री तर दूरच.

आम्ही दोघं तिला बघायला गेलो. ती खाटेवर बसली होती, गळ्यात हात बांधलेला. तिने सुनेला चहा टाकायला सांगितलं. सर नको नको म्हणत होते. पाणी कुठून आलेलं असणार ते त्यांना माहीत होतं. शेवटी ते म्हणाले, "फुलवती, मेरी वजह से हुआ."

"नहीं साहब," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रडणं नव्हतं. कपडे मोजताना बोलायची तसंच बोलली. "आपने तो सच ही बोला था. पर आप सच बोलके अपने घर चले गए ना. हम तो यहीं थे."

सरांनी चहा प्यायला. पूर्ण. मग आम्ही उठलो. नाल्यावरच्या पुलावर ते थांबले, कठड्याला दोन्ही हात लावून उभे राहिले. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून मी म्हणाले, "सर, पत्रकाराला मी बोलावलं होतं."

"तू कशाला घेतेस अंगावर?" ते म्हणाले. "मी होतो ना तिथे. मीच हो म्हणालो."

"पण तुमचं काय चुकलं? खरं होतं ते सांगणं तुमचं कामच होतं."

"ते अर्धं काम होतं, वृंदा. मला आयुष्यभर तेच पूर्ण वाटत आलं."

त्यानंतर रविवारची व्याख्यानं थांबली. आमंत्रणं यायची. सोसायटीतले लोक म्हणायचे, सर, बच्चों के लिए कुछ रखिए ना. सर हात जोडायचे. फ्लेक्सची गुंडाळी दाराआड उभी होती, तिच्यावर धूळ बसली. तुतीखाली दुसरा एक इस्त्रीवाला आला. सर त्याच्याकडे कपडे द्यायचे नाहीत. चुरगळलेल्या शर्टातच विद्यापीठात जायचे, आणि रूथकाकूंनी घरी इस्त्री केली तरी गप्प घालायचे, खूश व्हायचे नाहीत.

अशातच त्यांना एक सन्मान जाहीर झाला. विज्ञान लोकांपर्यंत नेल्याबद्दल. कुठल्याशा संस्थेचा मोठा समारंभ, वातानुकूलित सभागृह, शाल, मानपत्र. सर जायला तयार नव्हते. मी आणि काकूंनी त्यांना दोन दिवस समजावलं. शेवटी ते म्हणाले, "येतो. पण मी तिथे हीच गोष्ट सांगणार."

त्यांनी सांगितली. बोलायला वीस मिनिटं मिळाली होती, वीस मिनिटं सांगितली. पाच हापसे, दोन रंग, काढून नेलेले दांडे, टँकर, मनगट. फुलवतीचं वाक्य तिच्याच शब्दांत सांगितलं. म्हणाले, "मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो आणि माझं सांगून झालं की बस पकडत आलो. आपण सगळेच तसं करतो. मला या सन्मानाचं काय करायचं ते कळत नाही." आणि खाली बसले.

मग टाळ्या सुरू झाल्या. थांबेचनात. मागचे लोक उभे राहिले, मग पुढचेही. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, असा प्रांजळ वक्ता विरळा. नंतर जेवणाच्या वेळी लोक प्लेट घेऊन सरांभोवती गोळा झाले. "व्हॉट अ टॉक, सर." एका गृहस्थांनी तर हेच व्याख्यान आमच्याकडेही द्या म्हणून कार्ड दिलं.

परतताना गाडीत सर मागच्या सीटवर होते, शाल मांडीवर. बराच रस्ता गेल्यावर म्हणाले, "टाळ्या वाजवल्या गं."

मी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

"मला वाटलं होतं कोणीतरी विचारेल, ती वस्ती कुठे आहे? एकानेही विचारलं नाही."

ते त्यांचं शेवटचं व्याख्यान. पुढची चार वर्षं सरांनी जे केलं ते ऐकायला कोणी जमलं नाही. ते अर्ज घेऊन फिरले. वस्तीला नळाची लाइन मिळावी म्हणून. निवृत्त झाल्यावर तर रोजच. सकाळी डबा घेऊन निघायचे, ऑफिसात जातो तसे. या खिडकीवर कळायचं की फाइल त्या खिडकीवर आहे, त्या खिडकीवरचा माणूस रजेवर असायचा. बाकावर बसून राहायचे. तिथल्या शिपायांनी त्यांना नाव पाडलं होतं, "पानीवाले मास्टरजी". ज्यांनी हयातभर चाळीस मिनिटांत माणसाला जमिनीच्या पोटात नेऊन आणलं, ते आता एक वाक्य बोलण्यासाठी चार चार तास थांबायचे. आणि ते वाक्य असायचं, "जी, मेरी फ़ाइल का क्या हुआ?"

रूथकाकू एकदा मला म्हणाल्या, "लेक्चरं द्यायचे तेव्हा मी चिडायचे गं. घरात नसतात म्हणून. आता घरी असतात आणि कुठेच नसतात." दर रविवारी त्या एकट्या चर्चला जायच्या. सर अर्जाचे मसुदे लिहीत बसलेले असायचे. त्याच दिवसांत त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. बंगळूरचा मुलगा येऊन राहिला, म्हणाला, बाबा, इथलं सगळं आवरा आणि आमच्याकडे चला. सर म्हणाले, लाइन पडू दे.

तिसऱ्या वर्षी लाइन मंजूर झाली. मंजुरीच्या कागदाची नक्कल घेऊन सर दुपारच्या उन्हात फुलवतीकडे गेले. खोलीला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, ती कधीच गेली गावाला. हाताने काही होत नव्हतं, इथे बसून काय करणार? सुनेच्या फोनवर लावून पाहिला, तो नंबर बंद होता. सर ती नक्कल घेऊन परत आले. आमच्याकडे आले, सोफ्यावर बसले, कागद पुढे केला. "मिळाली," म्हणाले. मी अभिनंदन म्हणणार होते, तेवढ्यात त्यांचा चेहरा पाहिला आणि पंखा लावायला उठले.

खोदायला आणि पाइप टाकायला आणखी वर्ष गेलं. मग मात्र त्यांच्याकडे मुलाला सांगायला कारण उरलं नाही. घर विकायला काढलं. पुस्तकं विद्यापीठाने घेतली नाहीत, एका शाळेने घेतली.

बंगळूरला गेल्यावर सर जेमतेम सात महिने जगले. झोपेतच गेले. काकूंनी फोनवर सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "त्यांना तिथलं काहीच ओळखीचं झालं नाही बघ."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ती दोघं दिल्ली सोडून निघाली त्या सकाळी. विमानतळ द्वारकेपासून जवळच, मीच सोडायला निघाले होते. डिसेंबर संपत आला होता, धुक्यात समोरची गाडीही नीट दिसत नव्हती. फाटकातून बाहेर पडताच सर म्हणाले, "वृंदा, नाल्याकडून घेशील?"

"अहो, आता कशाला?" काकू म्हणाल्या.

"शेवटच्या गल्लीपर्यंत पाइप गेला की नाही ते बघतो. पाच मिनिटं."

मी गाडी त्या गल्लीच्या तोंडाशी उभी केली. सर मफलर गुंडाळून उतरले. पाइप गेला होता. गाडीपासून चार पावलांवर, फुलवतीच्या जुन्या खोलीसमोरच, भिंतीतून नळ बाहेर आलेला होता. सरांनी वाकून तो फिरवला. काही आलं नाही. खोलीतून एक तरुण बाई बाहेर आली, कडेवर मूल. नवी भाडेकरीण असावी. गाडीची काच खाली होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"किससे मिलना है?"

"किसी से नहीं," सर म्हणाले. "नल देखने आया था."

तिने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. कोट, चष्मा, खिशाला पेन. "दफ़्तर से आए हो? तो लिखो," ती म्हणाली, आणि तिथूनच तिने आवाज दिला. आणखी दोघी बाहेर आल्या. नळ बसवून तीन महिने झाले, पाणी वीस मिनिटं येतं, तेही पुढच्या गल्लीतले मोटर लावून ओढून घेतात, इथे नुसती हवा येते. आता तर तेही बंद. कितनी बार बोला, कोई सुनता नहीं. तिघी एकदम बोलत होत्या. त्यांच्यापैकी कोणालाही सर कोण ते माहीत नव्हतं.

मला वाटलं, सर सांगतील, मी ऑफिसातला नाही. आज मी हे शहर सोडून चाललोय. त्यांनी कोटाच्या खिशातून विमानाच्या तिकिटाचा छापील कागद काढला, तो उलटा करून भिंतीला लावला आणि लिहायला लागले.

"उशीर होतोय, त्यांना बोलव गं," मागून काकू म्हणाल्या. मी दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि परत आत घेतला.

लिहून झाल्यावर सरांनी ते त्या बाईला वाचून दाखवलं. चष्मा कपाळावर ढकलून, कागद डोळ्यांजवळ धरून, हळू, एकेक शब्द. आख़िरी गली. नल लगा है. पानी बीस मिनट. पिछले मंगल से पूरा बंद.

"मंगल नहीं, सोम से," ती म्हणाली.

सरांनी कागद पुन्हा भिंतीला लावला, मंगल खोडलं आणि त्यावर सोम लिहिलं.